पिल्लं होऊ देण्याची अट कशाला?

कुत्रीचा माज आणि नसबंदी यांवरच्या लेखातला 'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मगच नसबंदीचं ऑपरेशन करा' हा सल्ला काही पटला नाही. पिल्लं झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला वेगळा फायदा होत नाही. शिवाय पाच-सहा पिल्लांना घरं कोण शोधणार? सोसायटीच्या ग्रुपवर 'क्यूट' म्हणणारे घ्यायच्या वेळी गायब असतात.

'रक्त थांबलं की फिरवायला हरकत नाही' हा त्याच लेखातला सल्ला तर त्याहून घातक. माज, म्हणजे कुत्रीचा गाभण राहण्याचा हंगाम, साधारण तीन आठवडे चालतो आणि रक्ताचा रंग फिका पडतो, तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. म्हणजे खरी राखण तेव्हा. फुटाळा तलावावरचा फेरफटका त्या दिवसांत बंदच ठेवा, फाटकाला कडी घाला आणि नर घरातलाच, तिचा सख्खा भाऊ असला तरी दोघांना वेगळं ठेवा. त्यांना नातं समजत नाही!

ऑपरेशन ऐन माजात टाळतात, कारण तेव्हा रक्तस्रावाची भीती जास्त. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करणं बरं. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीत वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं का, हे डॉक्टरांना विचारा. पण माजानंतर महिना-दोन महिन्यांत ती सुस्त झाली, सारखं पाणी पिऊ लागली किंवा घाण स्राव दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू झाला तर जिवावर बेततं.

आणि आपल्या नागपुरात जमलं तर हिवाळ्यात उरका. ४५ अंशांत टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन (कॉलर) घालून ते सांभाळणं तिलाही जड जातं नं.