बंड्याच्या पोरीची गच्चीवरची शाळा

दसरा होऊन आठवडा झाला तरी ऊन असं की पोह्यावरची तर्री थंड व्हायलाच तयार नाही. रविवारी प्रतापनगरच्या कोपऱ्यावर नेहमीची टाळकी जमली होती. मी, शेंडे (झेडपीत शिक्षक, रोज अपडाऊन), बंड्या, आणि मास्तर. मास्तर म्हणजे शिक्षक नाही बरं का, कोचिंग क्लासवाला. स्वतः दहावीला दोनदा बसला, पण बोर्डावर टाय घातलेला फोटो आहे. बंड्या येताना पिशवीभर ढेमसं घेऊन आला होता, कोणी मागितली नव्हती.

कमी पटसंख्येच्या शाळा बंद करायचं जे चालू आहे पेपरात, त्याच्यावरून शेंडे सकाळपासून तापलेला. गावातल्या पोरांनी जायचं कुठं वगैरे. तेवढ्यात बंड्या म्हणे, "होऊ दे ना बे बंद, आमच्या चिमीचं काय अडून राहिलं?"

झालं. बंड्यानं पोरीला तिसरीनंतर शाळेतून काढलं हे कट्ट्याला पाठ आहे, दोन वर्षं झाली त्याला, पण मास्तरला दर वेळी नव्यानं झटका येते.

"गुन्हा आहे बे हा! आरटीई आहे, शिक्षणहक्काचा कायदा! आत टाकतीन तुले!" मास्तर चमचा नाचवून राहिला आणि शेव माझ्या शर्टवर.

शेंडे म्हणाला, "कायदा वाचला का कधी? २००९ चा आहे. ६ ते १४ च्या पोराले शाळा मिळाली पाहिजे ही सरकारची जबाबदारी, आईबापाचं कर्तव्य लिहिलं आहे पन दंड कुठंच नाही. चौदा पूर्ण झाले की एनआयओएस म्हंजे सरकारच्या मुक्त शाळेतून दहावी देता येते. अन तुह्या क्लासमधे निम्मे पोट्टे सतरा नंबरच्या फॉर्मवाले, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देनारे आहेत, ते काय कमी?"

"ते वेगळं," मास्तर म्हणे. मास्तरचं नेहमीच वेगळं असते.

मग बंड्या सुटला. त्याला एकदा गच्चीवर चढवला की तो खाली उतरत नाही. जुन्या कूलरच्या टाकीत पालक, ग्रो बॅगमध्ये भेंडी, पाण्याच्या टाकीवर चढवलेला पोपट (ज्याला तिकडे पुण्यात वाल म्हणतात, आणि खायला शिकवावं लागते), आणि कोहळं. कोहळ्याचं मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे म्हणून सांगतो. पहिली तीन-चार कोहळी लिंबाएवढी झाली, पिवळी पडली, गळली. तिसऱ्या माळ्याच्या वर मधमाश्या फिरकत नव्हत्या. मग चिमी सकाळी सव्वासहाला उठून वर जायला लागली. मादी फुलाखाली इवलंसं कोहळं असते, नराचा नुसता लांब दांडा. ती नर तोडायची, पाकळ्या सोलून काढायची आणि आतला पिवळा तुरा मादीवर हलकेच घासायची, जीभ बाहेर काढून, श्वास धरून. दहा वाजेपर्यंत फूल मिटतेच, मग त्या दिवसाचा कारभार संपला. वहीत लिहिलं होतं, ११ फुलं, धरली ४. त्यातली तीन वानरांनी नेली, तेही लिहिलं होतं, वानरांच्या संख्येसकट.

"याले म्हनते शिक्षन!" बंड्या म्हणे. "१९३७ मधे गांधीजींनी इथं वर्ध्यालेच सांगितलं, हातानं काम करत शिका. नयी तालीम!"

तेवढ्यात अ‍ॅक्टिव्हा थांबली. वैशाली वहिनी, बंड्याची बायको. बंड्याचा आवाज आपोआप दोन पायऱ्या खाली आला.

"गांधीजी सुरू आहेत का?" वहिनी हेल्मेट काढत म्हणाल्या. "नयी तालीम शाळेतच होती हो. सेवाग्रामची आनंद निकेतन आजही शाळाच आहे, पोरं मिळून वाफे करतात, भांडतात. पोरं घरी ठेवा असं गांधीजींनी कुठं म्हटलं?"

मास्तर खूश. "बघा! वहिनी माझ्या बाजूनं!"

"तुमच्या कुठून भाऊजी? तुमच्या क्लासमध्ये झाड एकच आहे, रिसेप्शनवर, तेही प्लॅस्टिकचं."

मी हसलो तर पोहे नाकात गेले. पण वहिनी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी छान शिकते, मला परत शाळेत टाकायची घाई नाही. फक्त हे जे म्हणतात ना, 'आम्ही' घरी शिकवतो, त्यातला आम्ही कोण ते विचारा. अपूर्णांक मी घेते, इंग्रजी मी घेते, हरवलेली वही मी शोधते, मे महिन्यात ४५ डिग्रीत हिरव्या जाळीखाली दोनदा पाणी मी टाकलं. हे रविवारी वर येतात, भेंडीसोबत फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात."

शेंडे हळूच म्हणे, "फोटो तर मीबी पाह्यला, वहिनी दिसल्या नाही त्यात."

बंड्यानं ढेमशांची पिशवी उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मला वाटलं आता काही तरी बोलेल, तर म्हणे, "भिंडीवर पिवळा रोग आला तवा कडुनिंबाचा अर्क कोनी फवारला?"

"तुम्हीच. उलट्या वाऱ्यात. स्वतःवर."

मग विषय कुठल्या कुठे गेला. मास्तरला अचानक आठवलं की आठवीत बंड्यानं त्याचा भूगोलाचा नकाशा कॉपी केला होता आणि दोघांची गोदावरी सातपुड्यातून निघाली होती. बंड्यानं त्यावर मास्तरचा सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) काढला. मागच्या हिवाळ्यात मास्तरनं किराण्याचे धने अख्खेच्या अख्खे कुंडीत पुरले, धना रगडून दोन फाकी करून पेरावा लागते हे माहीतच नाही, आणि महिनाभर रोज कुंडीला पाणी टाकून बायकोला सांगे, येते, येते. जागरण करून शिकवणारा माणूस, धना उगवला नाही याचंही खापर फोडलं बियाण्यावर.

"चला," वहिनी बंड्याला म्हणाल्या, "आज सांबार पेरायचा आहे. बारदाना ओला करून ठेवला आहे. आजचा पीरियड तुमचा."

बंड्या मुकाट मागे बसला. जाताना पोहेवाल्याला म्हणे पैसे नंतर देतो, ही ढेमसं ठेव तोवर, घरची आहेत, बिना औषधाची.

पोहेवाल्यानं पिशवीत डोकावलं. "भाऊ, रोकडाच द्या," म्हणे, "ढेमसं माह्या घरी बकरीबी खात नाही."