आधी टाइप करून बघा ना राव, मग पक्कड लावा

डोकं फिरलंय नुसतं. बारा वर्षं झाली नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडच्या, जवळ कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतोय, प्रतिज्ञापत्रं, करारनामे, वारसाचे अर्ज, सगळं एकाच गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर, आणि त्या मशीनची एका माणसाने अर्ध्या तासात पार वाट लावली.

झालं काय, पंधरा दिवसांपासून शिफ्टवरची, म्हणजे शिफ्टची कळ दाबून उमटणारी, अक्षरं ओळीच्या खाली बसायला लागली होती. ‘सत्य’मधला अर्धा त, ‘जन्म’मधला अर्धा न, ‘म्हणून’चा अर्धा म, ‘कल्पना’मधला अर्धा ल, सगळे एकाच मापाने खाली. इंग्रजी मशीनवर केसभर खालीवर झालं तर कुणी बघत पण नाही. आपल्याकडे वर शिरोरेषा आहे, ती एका अक्षरातून दुसऱ्यात सरळ गेली पाहिजे, जरा हललं की ओळीच्या पायऱ्या झाल्याच. वकीलसाहेबांनी कागद डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, हे काय काढलंयस, परत मार. पाचशेचा स्टॅम्प पेपर होता तो, माझ्या खिशातून गेला.

म्हणून त्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आला, मशीन उलटंपालटं केलं, पिशवीतून साधी पक्कड काढली, तीच आपण घरी खिळे उपटायला वापरतो ती, आणि कागदावर अक्षर आपटते ती दांडी धरून दाबली. अहो, एक ओळ तरी टाइप करून बघा! मी म्हणतोय थांबा, तो म्हणतो तुम्हाला काय कळतंय.

मला काय कळतं ते सांगतो. एका दांडीवर दोन अक्षरं असतात, एक साधं आणि एक शिफ्टवरचं. दोन्ही खाली बसत असतील तर दांडी वाकलेली. पण साधी अक्षरं सगळी ओळीत आहेत आणि शिफ्टवरची सगळीच्या सगळी खाली आहेत, तर दांडीचा दोषच नाही, शिफ्टची थांबायची जागा सरकलीय. त्याला दोन स्क्रू असतात, एक वरच्या टोकाला, एक खालच्या, नट ढिला करायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, टाइप करून बघायचं, नट कसायचा. दहा मिनिटांचं काम, आणि ह्या बाबाने त, न, म, ल अशा चार दांड्या वाकवल्या! अर्धा त जागेवर आला, आणि त्याच दांडीवरचा पूर्ण त वर चढून बसला. आता ‘तारीख’ लिहिलं की त हवेत. ‘नातू’ लिहिलं तर न पण वर, त पण वर, मग ती शिरोरेषा जुळणार कुठून?

आणि जाता जाता काय केलं, दांड्या ज्या अर्धगोल कंगव्यातून वर उठतात त्या सेगमेंटच्या खाचांत तेल ओतलं. तेल! तिथे तेल घालतच नाहीत, तेलावर धूळ बसते, रिबनचा लिंट, म्हणजे बारीक धागे, बसतो आणि चिकटा होतो. तिथे स्पिरिट, जुना टूथब्रश आणि खाचा कोरायला टाचणी, बस. सकाळी टेबल मांडलं तर दांडी उठली की खाली यायलाच तयार नाही, बोटाने एकेक पाडतोय, समोर म्हाताऱ्या आजी वारसाचा अर्ज घेऊन उभ्या, उन्हात. आणि आठशे रुपये घेऊन गेला वर.

टायपिंगवाली पोरं पण तशीच. दोन दांड्या अडकल्या की खस्सकन ओढतात, त्यानेच आडव्या वाकतात ना त्या. हलक्या हाताने वरची आधी सोडवा, एवढं पण होत नाही? गोदरेजने १९५५ ला देशातलं पहिलं टाइपरायटर बनवलं, आता ते बनवणं कधीच बंद झालंय, नवी दांडी मागायची तर कुणाकडे? भद्रकालीत भंगारात एखादं मशीन सापडलं तर सापडलं, आणि ते पण मराठीच पाहिजे.

रविवार अख्खा गेला माझा. स्पिरिटने तेल काढलं, तीन वेळा. शिफ्टचा स्क्रू लावून घेतला. मग ‘मतमतम’, ‘मनमनम’ मारत, म मात्र त्याने न वाकवलेल्या ‘र’शी ताडून, म्हणजे ‘ररमरर’ असं, एकेक दांडी जरा जरा करत परत आणली, दाबायचं, टाइप करायचं, चष्मा लावून रेषा बघायची, पुन्हा दाबायचं. म, न, ल आले. त राहिलाय. दोनदा इकडून तिकडून वाकवलेली दांडी आता तिसऱ्यांदा दाबायला हात धजत नाही, मोडली तर संपलं, आणि त शिवाय मी ‘सत्यप्रतिज्ञेवर’ लिहू कसं?