ट्रे मोजला होता मी

परवा पुन्हा ती गोष्ट आली. एकाच दिवसात तीन ग्रुपवर. मळकं धोतर नेसलेला म्हातारा शोरूममध्ये जातो, सेल्समन त्याला हाकलतो, म्हातारा पिशवीतून नोटांची बंडलं काढून काउंटरवर ठेवतो, सेल्समनची मान खाली जाते. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. आमच्या एका नातेवाइकांनी लिहिलंय, "म्हणूनच कुणाला कमी लेखू नये."

मला ही गोष्ट सोसत नाही. का सोसत नाही ते बरेच दिवस नीट सांगता येत नव्हतं. आज लिहून काढते. लांबेल, वेळ असेल तर वाचा.

२०१० ते २०१३ अशी तीन वर्षं मी एका सराफी दुकानात काउंटरला होते. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, आसपास साखर कारखाने. बी.कॉम. झालेलं, घरात पैशांची गरज होती, नोकरी मिळाली. पहिल्या आठवड्यात शिकवलं ते असं: घडणावळ कशी सांगायची, मोडीच्या सोन्याची तूट कशी समजावायची, काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून वजन कसं दाखवायचं. आणि गिऱ्हाईक कसं ओळखायचं. आमच्यातले जुने काका म्हणाले, "तोंडाकडं बघू नको, पायाकडं बघ. तोंड धुऊन येतं माणूस, चप्पल बदलून येत नाही."

मी पाय बघायला शिकले. महिनाभरात इतकी तयार झाले की दाराची काच उघडायच्या आत मनात ठरलेलं असायचं की कुठला ट्रे काढायचा, खुर्ची द्यायची की स्टूल, पाणी की चहा. चामड्याची चप्पल, टाचेचे सँडल, रबरी स्लिपर, तारेनं बांधलेली रबरी स्लिपर, चिखलाचे पाय. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

आणि बोलणं. आपल्या भाषेत माणसाची किंमत पहिल्याच वाक्यात कळते, कारण समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही हे आधी ठरवावं लागतं. "या वहिनी, बसा ना." "बोला काका, काय दाखवू?" आणि दुसरीकडं, "काय पाहिजे गं मावशी तुला?" मावशी म्हटलं की आपण आपुलकीनं बोललो असं वाटतं. पण वहिनींना अहो आणि मावशीला अगं, हे मी दिवसभर करत होते. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना करत होते. माझ्या आईला त्याच बाजारपेठेत दुसऱ्या एखाद्या दुकानात कुणी असंच बोलत असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मार्च २०११. गळीत हंगाम संपत आलेला. बाजाराचा दिवस होता. दुपारी एक ऊसतोडीचं जोडपं आत आलं. बीडकडचं असावं, बोलण्यावरून वाटलं. बाईनं साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, डोक्याला फडकं. शहरातल्या मंडळींसाठी सांगते, तो शर्ट अवतार नसतो. उसाच्या पाचटाची कड करवतीसारखी असते, उघड्या हातांवर ओरखडे उठतात, म्हणून तोडणीच्या बायका साडीवर शर्ट चढवतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून "एक कोयता" धरतात, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, आणि ती फिटेपर्यंत हातात फार काही येत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी त्याच भागात वाढले. माहीत असून त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच की शर्ट काळा पडलाय आणि पायाला चिखल आहे, फरशी आत्ताच पुसलीय.

मी स्टूलसुद्धा पुढं केलं नाही. "काय पाहिजे?" एवढंच. बाई म्हणाली, मंगळसूत्राच्या वाट्या. तिच्या गळ्यात काळे मणी होते आणि पितळी वाट्या. सोनं तेव्हा तोळ्याला वीस-एकवीस हजारांच्या घरात होतं. तिला एक ग्रॅमच्या आत बसेल अशी जोडी हवी होती. मी सगळ्यात हलका ट्रे काढला आणि काचेवर माझ्या बाजूला ठेवला, तिच्या हाताला सहज लागणार नाही असा. तिनं एका जोडीकडं बोट दाखवलं, मी काढून दिली. दुसरीकडं दाखवलं, पहिली परत घेतली आणि मग दुसरी दिली. दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या होत्या तिला. साधी गोष्ट. कुठल्याही वहिनींना मी दहा जोड्या पसरून दिल्या असत्या.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून मी ट्रे आत ठेवण्याआधी मोजला. त्यांच्यासमोर, बोटानं एकेक खण दाबत.

आता कुणी म्हणेल, मोजायलाच पाहिजे, सोनं आहे. खरंय. चोऱ्या होतात, आमच्याकडंही झाल्या होत्या, आणि हिशेब लागला नाही तर काउंटरवरच्या मुलींच्या पगारातून जातं. ट्रे सगळ्यांचाच मोजायचा असतो. फरक एवढाच होता की बड्या गिऱ्हाइकांचा ट्रे आम्ही ते उठून गेल्यावर मोजायचो, हसून निरोप देऊन, पाठ वळल्यावर. त्यांना कळूही नये म्हणून. आणि अशांचा मोजायचो तोंडावर, कळावं म्हणूनच.

बाईला कळलं. तिनं दोन्ही हात काचेवर ठेवले, तळवे वर करून, बोटं फाकवून. काही बोलली नाही. मी मागितलं नव्हतं, कुणीच मागितलं नव्हतं. रिकामे हात दाखवायची तिला सवय होती. तळव्यांवर कोयत्याचे घट्टे होते, भेगांत काळं भरलेलं. नवरा खाली बघत होता.

मग त्यांनी पैसे दिले. रुमालाच्या गाठीतून, शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा. पुरेपूर दिले. घासाघीस केली नाही, घडणावळ कमी करा म्हणून एक शब्द नाही. वाट्या डबीत घालून दिल्या आणि ते गेले.

एवढंच. पिशवीतून बंडलं निघाली नाहीत. तो कुणी मोठा बागायतदार नव्हता, ती कुणा कलेक्टरची आई नव्हती. ते दिसत होते तेवढेच गरीब होते. आणि म्हणूनच मला ती व्हॉट्सअॅपची गोष्ट सोसत नाही. त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याला मान मिळतो तो बंडलं निघाल्यावर. सेल्समनची चूक काय ठरते, तर श्रीमंत माणूस ओळखता आला नाही ही. मग खरोखरच खिशात दहा रुपये असलेल्या माणसाला हाकललं तर चालतं का? गोष्ट त्याबद्दल गप्प आहे. ती गोष्ट ऐकून आम्ही काउंटरवाले फार तर सावध होऊ. त्या बाईला त्यानं काय मिळणार?

खऱ्या घटना बघा. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकुरूला एक शेतकरी पिकअप गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला. तुझ्या खिशात दहा रुपये नसतील, अशा अर्थाचं त्याला ऐकवलं गेलं. तासाभरात तो दहा लाख रुपये घेऊन परत आला. देशभर बातमी झाली. तो दहा लाख आणू शकला याचं मला बरं वाटलं, पण बातमी झाली ती त्या दहा लाखांची. नुसताच अपमान होऊन तो घरी गेला असता तर तुमकुरूच्या बाहेर कुणाला कळलं असतं?

मला त्यापेक्षा दुसरी घटना जवळची वाटते. फेब्रुवारी २०२४, बंगळूरमधलं राजाजीनगर मेट्रो स्टेशन. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका शेतकऱ्याला कपडे मळके म्हणून आत सोडेनात. त्याच्याकडं तिकीट होतं. लाखो रुपये नव्हते, मोठी ओळख नव्हती, फक्त तिकीट. आणि इतर प्रवासी त्याच्यासाठी थांबले, भांडले, कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा म्हणाले आणि त्याला आत घेऊन गेले. मेट्रोनं नंतर त्या सुरक्षा पर्यवेक्षकाला कामावरून काढलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच शहरातल्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमाला आलेल्या वयस्कर शेतकऱ्याला धोतरामुळं अडवलं. तिथंही तिकिटं होती. सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायचं ठरवलं. मला मॉल बंद होण्यापेक्षा ते मेट्रोतले थांबलेले प्रवासी महत्त्वाचे वाटतात. त्यांना ऑफिसला उशीर होत असणार. त्यांनी त्या माणसाला विचारलं नाही की तुमची जमीन किती.

याची दुसरी बाजू तर अजून वाईट आहे. गरिबानं गरीब दिसलं तर दारात अडवतात आणि बरं दिसलं तर खोटा म्हणतात. रेशनच्या रांगेत चांगल्या साडीतली बाई दिसली की कुजबुज सुरू होते. केशरी कार्डवाल्याच्या हातात स्मार्टफोन दिसला की "हे बघा गरीब." अहो, कोरोनात मुलीची शाळा त्या फोनवर होती दोन वर्षं. पिवळ्या कार्डाची उत्पन्नाची मर्यादा १९९९ मध्ये ठरली ती वर्षाला पंधरा हजार रुपये. त्यात बसायचं, आणि वर अंगावरही ते पंधरा हजार दिसले पाहिजेत?

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, २०१६ मध्ये छातीत दुखायला लागलं म्हणून मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. रुग्णालय धर्मादाय होतं, पाटीवर लिहिलेलं होतं. अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं ही योजना लागू आहे. दादा रानातून तसेच निघाले होते. काउंटरवरच्या मुलीनं दादांच्या पायाकडं बघितलं. मी बघितलं तिला बघताना. मग म्हणाली, "आधी डिपॉझिट भरावं लागेल, जमेल का?" दादांना नाही, मलाही नाही, आमच्या दोघांच्या मधल्या हवेत बघून.

ती नजर मला ओळखीची होती. मी तीन वर्षं तशीच बघत होते.

दादा वाचले. पण तेव्हापासून आमच्याकडं एक पद्धत पडलीय. ट्रंकेत दादांचा एक पांढरा पायजमा-शर्ट आणि नवी चप्पल वेगळी ठेवलेली असते, फक्त दवाखान्यासाठी. आई म्हणते, "आधी कपडे बदला, मग गाडी बोलवा." छातीत कळ आलेल्या माणसानं आधी इस्त्रीचा शर्ट घालायचा, कारण नाहीतर त्याच्याशी नीट बोलणार नाहीत. तुमच्या घरात हे नसेल तर बरंच आहे, पण खूप घरांत आहे, विचारून बघा.

आणि हे आपल्याकडं गरिबीपुरतं कधीच नव्हतं. कुणी काय नेसायचं, कुठवर नेसायचं, कुठल्या धातूचा दागिना घालायचा हे जात बघून ठरायचं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना मुद्दाम सांगितलं होतं की अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारं नेसणं आणि तसले दागिने सोडून द्या. लांबून बघूनच माणसाला वेगळं काढता येऊ नये म्हणून. पुढं घटनेच्या कलम १५ मध्ये आलं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, पाणवठ्यावर अडवता येणार नाही. दुकान हा शब्द तिथं स्पष्ट आहे. त्या यादीत कपडे नाहीत आणि गरिबी नाही. म्हणून आज कुणी जात विचारत नाही, चप्पल बघतो. आणि चप्पल बघून ज्यांना बाजूला काढतो त्यांच्यात बहुतेक कोण असतं, ते काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

"एक नूर आदमी, दस नूर कपडा" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. आमच्या दुकानातही म्हणायचे. मी मानही डोलवायचे.

ही पोस्ट माफी मागण्यासाठी नाही, ज्यांची मागायची ते हे वाचणार नाहीत. पण त्या दिवसाचं एक राहून गेलंय ते सांगते. आमच्याकडं बिल करताना नाव आणि गाव विचारायची पद्धत होती. पुढच्या वेळी आलं की "या, अमक्या गावच्या वहिनी" म्हणता यावं म्हणून. लहान खरेदीला विचारायचो नाही. त्या बाईनं आयुष्यात कदाचित पहिल्यांदा सोनं घेतलं होतं. बिलावर नावाच्या जागी मी "रोख" लिहिलं आणि फाडून दिलं. तिनं ते घडी करून डबीत ठेवलं, वाट्यांच्या शेजारी.