मैफलीचं रेकॉर्डिंग धुऊन काढू नका

गेल्या गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमात मी एका तरुण गायिकेला तबल्याची साथ केली. पुरिया धनाश्री, द्रुत तीनताल. गाता गाता एका तिहाईचा (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचा) अंदाज चुकला आणि ती समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, पुढे निघून गेली. मी ठेका धरून ठेवला. तिनं एक आख्खं आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, नुसतं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या खेपेला अशी नेमकी समेवर उतरली की मांडवातल्या माणसांच्या तोंडून एकदम दाद आली. माझ्यासाठी त्या संध्याकाळचं गाणं तिथे होतं.

तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग हातात पडलं. ती आवर्तनं कापलेली. तबला लावतानाचे हातोडीचे ठोके नाहीत, तंबोरा जुळवतानाचं आमचं बोलणं नाही, दाद मध्येच तोडलेली. गायिकेचा आवाज सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला, त्यामुळे कोमल रिषभावरून षड्जावर घसरत येणारी मींड पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येत होती. ज्यांनी हे केलं त्यांनी आपुलकीनं केलं, आमचं गाणं चांगलं दिसावं म्हणून केलं. त्यामुळे नाव घेण्याचा प्रश्नच नाही. पण त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी हेडफोन लावून डीप पर्पल या रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

हा आल्बम माझ्याकडे आला १९८८ साली, मिरजेत. मस्कतला नोकरी करणारा मावसभाऊ सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन आला आणि त्यासोबत दहा-बारा कॅसेटी. टू-इन-वनच्या पाठीवर 'मेड इन जपान' लिहिलेलं, आणि एका कॅसेटच्या पाठीवरही तेच. मी तेव्हा चौदा वर्षांचा, तबल्याचं तिसरं वर्ष. घरात नाट्यसंगीत आणि ख्याल सोडून दुसरं काही वाजत नव्हतं. त्या कॅसेटवर सगळ्यात आधी काय ऐकू येतं? गाणं नाही. ढोलकाची कातडी तपासल्यासारखे ड्रमचे दोन-चार ठोके, ऑर्गनचा लांबलेला सूर, गायकाचं माइकवर दोन शब्द बोलणं. वाद्यं लावली जात आहेत हे मला इंग्रजीचा एक शब्द न कळता कळलं, कारण आमच्याकडे गाणं असंच सुरू होतं. आणि मग 'हायवे स्टार' सुटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीप पर्पल हा इंग्लंडचा बँड. तेव्हा त्यात गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयन पेस असे पाच जण होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा जपानला गेले. १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये, असे तीन कार्यक्रम. (आपल्याकडे त्या १५ ऑगस्टला स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव होता. ही तारीख मला दरवर्षी दोन कारणांनी आठवते.) लाइव्ह आल्बमची इच्छा जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीची होती, बँडला त्यात फारसा रस नव्हता. आपण स्टेजवर जे करतो ते टेपवर उतरत नाही असं त्यांचं मत होतं. करायचंच असेल तर आमचा माणूस रेकॉर्ड करेल, असं म्हणून त्यांनी आपला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च याला सोबत नेलं. आठ ट्रॅकचं यंत्र, आणि जॉन लॉर्डच्या सांगण्याप्रमाणे एकूण खर्च जेमतेम ३,००० डॉलर. नंतर मिक्सिंगला ग्लोव्हर आणि पेस बसले. बाकीच्यांनी फारसं लक्षही घातलं नाही.

आणि त्या दोघांनी जे केलं नाही, त्यासाठी मी त्यांचा आयुष्यभराचा ऋणी आहे. स्टुडिओत बसून कुठलाही सूर परत गायला नाही, कुठलीही गिटार परत वाजवली नाही. त्या काळातल्या कितीतरी 'लाइव्ह' तबकड्यांवर नंतर स्टुडिओत भर घातलेली असे, टाळ्यासुद्धा वरून चिकटवलेल्या असत. इथे तीन रात्रींतून सात गाणी निवडली, दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर बसवली, साधारण ७६ मिनिटं, संपलं. १५ तारखेचं एकच गाणं घेतलं, 'स्मोक ऑन द वॉटर'. टोकियोची दोन. उरलेली चारही १६ तारखेची. टोकियोचा कार्यक्रम बँडच्या मते तिन्हींत सरस झाला होता, पण तिथलं मुद्रण ओसाकाइतकं चांगलं उतरलं नाही. जे चांगलं उतरलं ते घेतलं आणि जे उतरलं नाही ते नंतर स्टुडिओत घडवलं नाही.

आता मला 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'बद्दल बोलायचं आहे. माझ्या दृष्टीनं आल्बमचा प्राण तिथे आहे. स्टुडिओत साधारण चार मिनिटांत संपणारं गाणं इथे जवळजवळ दहा मिनिटं चालतं, कारण मध्ये ब्लॅकमोर आणि गिलन सवाल-जवाबाला बसतात. गिटारवर एक छोटी जागा येते, गिलन ती गळ्यातून तशीच काढतो. पुढची जागा जरा वाकडी, तीही येते. मग आणखी वर, आणखी तोकडी, आणखी वेगळ्या वळणाची. कोणत्याही तबलजीला हे ओळखीचं आहे. सतार पुढे, तबला मागे, आणि दोघांच्या मधलं अंतर कमी कमी होत जातं. शेवटी गिटार जिथे थांबते तिथून गिलन एकटाच निघतो आणि एक लांब किंकाळी मारत वर वर जातो.

ही दोन माणसं तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हती. बँडमधल्या कुरबुरींबद्दल त्यांनी स्वतःच पुढे कितीदा सांगितलं आहे. १९७३ च्या २९ जूनला गिलन आणि ग्लोव्हर त्या काळात या बँडसोबत शेवटचे वाजले (पुढे १९८४ मध्ये ते परतले), आणि ते गाव होतं ओसाका. जिथे हा आल्बम झाला त्याच गावी, एक वर्षही पूर्ण व्हायच्या आत, हा संच मोडला. हे कळल्यानंतर मी तो सवाल-जवाब शेकडो वेळा ऐकला असेन. बोलणं बंद पडलेली माणसं एकमेकांना इतक्या बारकाईनं ऐकू शकतात, हे मला दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगनं दाखवलं नाही. त्यातली एखादी घसरलेली जागा कुणी 'सुधारली' असती, तर समोरच्यानं ती कशी सावरून घेतली हेही पुसलं गेलं असतं.

'चाइल्ड इन टाइम'ची एक गोष्ट मुंबईकरांना आवडेल. त्याच्या सुरुवातीची ऑर्गनची ती संथ धून मुळात डीप पर्पलची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्युटिफुल डे या बँडची १९६९ ची एक रचना होती, नाव 'बॉम्बे कॉलिंग'. तिथून ती घेतली, चाल संथ केली आणि शीतयुद्धाच्या भीतीवरचं गाणं तिच्यावर उभं केलं. गिलननं हे उघडपणे मान्य केलेलं आहे. त्या दुसऱ्या बँडनंही पुढे डीप पर्पलचा एक तुकडा उचलला, त्यामुळे हिशेब फिटला. ओसाकातलं हे गाणं बारा मिनिटांचं आहे. गिलनचा आवाज कुजबुजीतून निघतो आणि शब्द टाकून देत नुसत्या 'आ'कारावर, मग किंकाळीवर पोचतो. स्वतः गिलन त्या दौऱ्यातल्या आपल्या गाण्यावर खूश नव्हता. तो आवाज मधूनमधून खरखरतो, कडेला फाटतो. तिथे एक जिवंत गळा कामाला लागलेला आहे, आणि तो पोचेल की नाही हे त्या क्षणी त्यालाही माहीत नाही. आपल्याकडच्या जुन्या मैफलींच्या टेपांवर वरच्या षड्जाला हात घालण्याआधी जो ताण ऐकू येतो, तोच हा ताण.

जॉन लॉर्डबद्दल एक. संगीत नाटकातल्या पायपेटीचा आवाज कानात असलेल्या माणसाला ऑर्गन म्हणजे गोड, भरीव, गायकाच्या मागे उभं राहणारं वाद्य. लॉर्डनं आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून काढला, त्यामुळे तो गुरगुरतो, ओरबाडतो, गिटारला खांद्यानं ढकलतो. 'लेझी'च्या सुरुवातीला तो एकटाच वाजवत असतो, तेव्हा त्या पेटीच्या आत काहीतरी अडकवून ठेवलं आहे आणि ते बाहेर यायला बघतं आहे असं वाटतं. लॉर्ड १६ जुलै २०१२ ला गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी घरी तबल्याला हात लावला नाही.

आणि पेस! 'द म्यूल' म्हणजे जवळपास सगळा ड्रमचा एकलवादनाचा भाग. रॉकमधल्या ड्रमच्या सोलोंनी मला बहुतेक वेळा कंटाळा येतो, कारण तिथे जोर असतो, विचार नसतो. पेस डावखुरा, हात हलका, आणि तो तबल्यातला कायदा, म्हणजे विस्तार करायची बांधीव रचना, मांडल्यासारखं वाजवतो. एक बोल घेतो, त्याचे पलटे करतो, आवाज खाली आणतो, एका हातानं रोल चालू ठेवतो. माझ्या गुरुजींना मी हे एकदा ऐकवलं होतं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "सम कुठे धरतो रे हा?" आम्ही दोघं बोटांवर मोजत बसलो. पुढच्या रविवारी त्यांनी कॅसेट पुन्हा मागितली.

'द म्यूल'च्या आधी मंचावरचं थोडं बोलणं आहे. आवाज वाढवा असं ध्वनीच्या माणसांना सांगणं चाललं आहे, आणि त्यात ते वाक्य येतं, सगळं इतर सगळ्यापेक्षा मोठ्यानं करता येईल का. पुढे हे वाक्य इतकं गाजलं की लोकांनी आल्बमांना त्याची नावं दिली. 'स्वच्छ' करणाऱ्याच्या हाती ही टेप पडली असती, तर पहिली कात्री तिथेच लागली असती.

पन्नासहून जास्त वर्षांत या टेपांचं पुढे बरंच काही झालं. १९९३ मध्ये तीन सीडींचा संच आला, त्यात तिन्ही रात्रींचा बहुतेक भाग होता, आणि नंतर शेवटच्या फर्माइशींसह सगळंच बाहेर आलं. मी आधी घाबरलो होतो. निवडलेल्या सातांची जादू बाकीचं ऐकून उतरेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. तेच गाणं सलग तीन रात्री ऐका. ब्लॅकमोरचा सोलो एका रात्री एका दाराने आत शिरतो, दुसऱ्या रात्री भलत्याच दाराने. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे वीस मिनिटांच्या घरात, आणि मधला सगळा प्रदेश रोज नव्यानं चालायचा. एकच बंदिश, एकच राग, तीन मैफली. कुठे गाडी अडते, कुठे चौघं एका बाजूला आणि पाचवा दुसरीकडे, आणि मग कुणीतरी मान हलवल्यासारखे सगळे एकत्र येतात. ती मान दिसत नाही, पण ऐकू येते.

एक कबुली द्यायला हवी, कारण मी प्रामाणिकपणाची बाजू घेऊन बोलतो आहे. इंग्लंड-अमेरिकेत निघालेल्या या आल्बमच्या सोनेरी मुखपृष्ठावरचा फोटो जपानमधला नाही, लंडनच्या एका कार्यक्रमातला आहे. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण फोटो बदलला तरी चालेल, टेपवरची रात्र बदललेली मला चालत नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच नाही की जुनं ते सोनं. घरघर काढा, विजेची गुणगुण काढा, तबला दबला असेल तर वर आणा. मार्टिन बर्चनंही ओसाकात नुसती टेप चालू करून हात बांधून ठेवले नव्हते. त्या पाच जणांपैकी प्रत्येक जण वेगळा ऐकू येतो तो त्याच्या कानामुळे. पण सूर सरळ करू नका, लय यंत्राच्या मापात बसवू नका, चुकलेलं आवर्तन कापू नका. जुळवाजुळव, खोकला, "अहो जरा मॉनिटर द्या", अवेळी आलेली दाद, हे सगळं त्या रात्रीचं आहे.

काल त्या गायिकेला फोन केला. म्हटलं, ताई, ते कापलेलं आवर्तन तुम्हाला आठवतं का? ती म्हणाली, "सर, माझ्या भावानं पहिल्या रांगेतून मोबाइलवर घेतलंय. आवाज अगदी भिकार आहे, पण ते आहे त्यात." आज सकाळी तिनं पाठवलं. पंख्याचा आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि मधोमध ती गप्प बसून ऐकते आहे, माझा ठेका चालू आहे, धा धिं धिं धा.