मँगनीज आणि कोबाल्ट एकाच मापाने मोजू नका

ॲसिटाल्डिहाइडपासून ॲसिटिक आम्ल करताना उत्प्रेरक म्हणून मँगनीज किंवा कोबाल्ट, कोणतंही ॲसिटेट चालतं, असं या कृतीवरच्या एका लेखात म्हटलंय. क्रिया दोघांनीही होते, पण इथे खरा प्रश्न वेगाचा नाहीच. ऑक्सिजनशी क्रिया होऊन आधी परॲसिटिक आम्ल (एक जादा ऑक्सिजन असलेलं अस्थिर 'परआम्ल') बनतं, ते उरलेल्या अल्डिहाइडशी जुळून एक पेरॉक्साइड तयार होतं आणि ते फुटलं की ॲसिटिक आम्लाचे दोन रेणू मिळतात. हे फोडण्याचं काम मँगनीज कोबाल्टपेक्षा चोख करतं, म्हणून पेरॉक्साइड साचत नाही. वजनाने सुमारे ०.१ टक्का मँगनीज ॲसिटेट पुरतं.

तापमान ६० ते ८० अंश ठेवा. ४०च्या खाली गेलात तर परआम्ल साठत जातं आणि नंतर तापवल्यावर एकदम फुटतं. स्फोटाचा धोका तिथेच. फार वर गेलात तर कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्मिक आम्ल वाढतं. मधूनमधून नमुना काढून पोटॅशियम आयोडाइड व थायोसल्फेटने टायट्रेशन करा (म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून परआम्ल किती आहे ते मोजा), परआम्लाचा आकडा चढू लागला की ऑक्सिजनचा पुरवठा लगेच तोडा. ॲसिटाल्डिहाइड २० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे दाब हवाच, आणि वरच्या वायूत नायट्रोजनही.

लेखात तांब्याचा उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. ते सोबत घातलं आणि पाणी सतत काढत राहिलं, तर ॲसिटिक ॲनहायड्राइडही मिळतं. पाणी राहिलं तर त्या ॲनहायड्राइडचं पुन्हा आम्लच होतं.

आयसोब्युटिराल्डिहाइड या दुसऱ्या अल्डिहाइडला हीच कृती जशीच्या तशी लावू नका. त्याची कार्बन साखळी फांदीदार असल्याने त्याचा ॲसिल रॅडिकल (अल्डिहाइडमधून हायड्रोजन निघाल्यावर उरणारा क्रियाशील तुकडा) कार्बन मोनॉक्साइड सहज सोडतो आणि ॲसिटोनही हाती येतं.