महिंद्रा 575 ट्रॅक्टरचा क्लच आणि रिव्हर्सची करकर, तुमच्या तक्रारीला उत्तर

दादा नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की नवीन सांगून जुनीच क्लच प्लेट बसवली, दोन दिवस म्हणून पाच दिवस ट्रॅक्टर अडकवला, फोन उचलत नाहीत, आणि पंधरा दिवसांत रिव्हर्स परत करकर करायला लागला, आता दुसरे मिस्त्री म्हणतात गिअर बॉक्स गेला. न बघता काही लिहायचं नव्हतं म्हणून काल संध्याकाळी वस्तीवर येऊन गेलो, तुम्ही बाहेरगावी होता पण तुमच्या भावासमोर सगळं तपासलंय.

सगळ्यात आधी एक सांगतो, गिअर बॉक्स उघडू देऊ नका. त्याला काही झालेलं नाही. त्या मिस्त्रींना मी नावं ठेवत नाही, आवाज ऐकून कुणालाही तसंच वाटेल. पण आपल्या जुन्या महिंद्रा 575 ला रिव्हर्स टाकताना दात सरकवून एकमेकांत अडकवायचे असतात, आणि त्यासाठी आतला शाफ्ट थांबलेला पाहिजे, क्लच पूर्ण सुटला नाही तर शाफ्ट फिरतच राहतो आणि मग दातावर दात घासून तोच आवाज येतो जो तुटक्या गिअरचा वाटतो.

काल काय केलं ते लिहितो म्हणजे तुम्हालाही परत करून बघता येईल. आधी इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकला, एकदा दातावर दात आला म्हणून मागचं चाक जरासं ढकलावं लागलं, मग अलगद पडला. नंतर इंजिन चालू करून स्लोवर ठेवलं, पेडल पार खाली दाबलं आणि भावाला दहापर्यंत मोजायला सांगितलं, मग गिअर टाकला, तरी करकर. बंद असताना गुपचूप पडतो आणि चालू असताना एवढं थांबूनही ओरडतो म्हणजे गोम गिअरमध्ये नाही, क्लच सुटत नाहीये. पेडल सोडून न्यूट्रलला पण कान लावला, बेअरिंगची घरघर नाही. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही शांत.

मग पेडलला पट्टी लावली. अडीच इंच मोकळं निघालं! आम्ही देताना एक इंच प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, ठेवला होता. खाली वाकून बघितलं तर पेडलपासून क्लचला जाणाऱ्या रॉडची लांबी पक्की धरणारा चेक नट बोटाने फिरत होता, आणि नट ढिला म्हटल्यावर कंपनाने रॉड आट्यावर फिरत फिरत लांब झालेला. पेडलचा निम्मा दाब नुसता ढिलाई काढण्यातच जायचा, बेअरिंग फिंगरला (प्रेशर प्लेट मागं ओढणाऱ्या आतल्या दांड्यांना) जरा दाबेस्तोवर पाय फळीला टेकायचा, मग क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरेशी मागं येणार कशी आणि क्लच प्लेट मोकळी होणार कशी.

हा नट आमच्याकडूनच कच्चा राहिला. पोराने हाताने लावला आणि पान्याने आवळायचा विसरला, पण ट्रॅक्टर गेटबाहेर सोडण्याआधी शेवटचा हात माझा असतो आणि तो मी त्या दिवशी फिरवला नाही, म्हणून चूक माझी. त्यासाठी मनापासून माफी मागतो. काल रॉड आत घेऊन एक इंच प्ले परत ठेवला, एका पान्याने रॉड धरून दुसऱ्याने नट आवळला, पंधरा मिनिटांचं काम. नंतर भावाने अंगणात चार वेळा रिव्हर्स टाकला, आवाज नाही. दुसऱ्या मिस्त्रींना तपासणीचे जे पैसे दिले असतील ते मला सांगा, ते माझ्याकडून.

आता प्लेटचं. हे मात्र मान्य नाही दादा, जुनी प्लेट बसवलेली नाही. तुमची जुनी प्लेट आणि रिलीज बेअरिंग दोन्ही आम्ही खताच्या पोत्यात बांधून ट्रॅक्टरबरोबर दिलं होतं, ते पोतं काल गोठ्याच्या माळ्यावर तसंच सापडलं, भावाने बाहेर काढलं. तुम्ही स्वतः हात लावून बघा, लायनिंग एवढं झिजलंय की रिव्हेट वर आलेत आणि त्या रिव्हेटनीच फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबून बसते त्या इंजिनच्या चाकावर, गोल चऱ्या पाडल्या होत्या. आमच्याकडे कुणाचंही काम असो, काढलेला पार्ट मालकाच्या ताब्यात जातोच, वडिलांपासूनची पद्धत आहे ती.

पाच दिवस लागले ते त्या चऱ्यांमुळेच. ट्रॅक्टर मधून फोडला, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे केले, पुढच्या एक्सलला पाचरी मारून इंजिन पुढं ओढलं आणि आत बघतो तर फ्लायव्हीलवर निळे डाग, चऱ्या, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील गळून सगळं चिकट काळं. अशा फ्लायव्हीलवर नवीन प्लेट टाकली असती तर दोन दिवसांत ट्रॅक्टर मिळाला असता पण प्लेट थरथरली असती आणि ऑइलने परत घसरली असती, आणि मग परत सगळा ट्रॅक्टर फोडा, परत तीच मजुरी. म्हणून फ्लायव्हील लेथवर फेसिंगला, म्हणजे तोंड सपाट करायला, पाठवलं, तिथं हंगामामुळे रांग होती, सील बदललं, मग प्लेट घालून तिन्ही फिंगर एका उंचीवर आणले. काम बरोबर केलं याबद्दल मला शंका नाही. पण हे सगळं तुम्हाला त्याच दिवशी फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते केलं नाही, आणि तुमचा फोन आला तेव्हा हात ग्रीसमध्ये म्हणून उचलला नाही आणि नंतर राहूनच गेलं. कारखाना चालू, फडात ऊस तुटून पडलाय, टोळी बसून, अशा वेळी ट्रॅक्टर कधी मिळणार हे कळलं नाही की माणसाचं डोकं फिरणारच. तुमचा राग समजतो.

एक विनंती आहे, रागावू नका. निळे डाग हाफ क्लचमुळे पडतात. ओल्या फडातून भरलेल्या दोन ट्रॉल्या काढताना ड्रायव्हर पाय पेडलवर ठेवून क्लच अर्धा सोडून रेस करतो, तेव्हा प्लेट घासून जळते. त्यापेक्षा एक ट्रॉली आधी बाहेर काढा, मग दुसरी जोडा, आणि गाडी चालू लागली की पाय खाली फळीवर.

प्लेट नवीन आहे, बसेल तसा प्ले आता कमी होत जाईल, ते नॉर्मल आहे. अर्ध्या इंचाच्या खाली आला तर चालवू नका, बेअरिंग सतत फिंगरला टेकून राहील आणि क्लच घसरायला लागेल. साधारण पन्नास तासांनी एकदा घेऊन या किंवा सांगा, मी येतो, पैसे नाहीत. तोवर रोज सकाळी डिझेल बघता तसं खाली एकदा बघा, चेक नटपासून रॉडपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवलीय, ती तुटलेली दिसली तर नट हललाय, लगेच फोन करा, मी उचलतो.