बोट सोपं, "ईऽऽ" अवघड

दुपारचा वरणभात आटोपून सतरंज्या घातल्या, दिवे मालवले, आणि आता तासभर शांतता असं आम्ही पाळणाघरवाल्या काकू मनात म्हणतो न म्हणतो तोच हाक येते, "काकूऽऽ, हा बघा, मेकूड खातोय!" पाठोपाठ बारा तोंडांतून एकच "ईऽऽ". गॅदरिंगचं समूहगान बसवताना दोन महिने घसा फोडावा लागतो. हे विनातालीम, एका सुरात.

ज्याच्यावरून हा गजर चाललाय तो निवांत असतो. बोट अजून आतच असतं.

बोटाचं फारसं काही नाही हो. ते आज ना उद्या बाहेर येतं. "शेंबड्या" हे नाव मात्र एकदा चिकटलं की पहिलीच्या वर्गापर्यंत सोबत जातं. म्हणून आधी आपला चेहरा सांभाळायचा. काकूने नाक मुरडलं की बाराही जणांना परवाना मिळाला. चेहरा हवा बँकेतल्या कॅशियरसारखा: फाटकी नोट पाहिली, बाजूला सारली, पुढचा नंबर. "नाकात टोचतंय वाटतं, चल, धुऊन येऊ." एवढंच. व्याख्यान नको.

आणि टोचत असतंच. नाक कोरडं पडतं, खपली धरते, ती खाजते, बोट जातं, ओरखडा उठतो, त्यावर पुन्हा खपली. आईबाबांना विचारून नाकात ०.६५ टक्के सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब घातले की खपली मऊ पडते. नखं दर रविवारी घरी कापून यावीत, ही आमची कायमची विनंती. काही आज्या बोटाला मिरची लावून धाडतात. ते बोट नाकातून डोळ्यात जातं, मूल रडतं, रडलं की नाक वाहतं. म्हणजे कच्चा माल दुप्पट.

शिंकरणं शिकवावं लागतं. "शिंकर" म्हटलं की मूल हमखास वर ओढतं. टिश्यूची बोटभर पट्टी नाकासमोर धरायची, तोंड बंद, नुसत्या नाकाने ती हलवायची. जमलं की एक नाकपुडी दाबून दुसरीने, हळूच. दोन्ही दाबून जोर लावला तर कानात दडे बसतात.

रक्त आलंच तर डोकं मागे टाकू नका. रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरा. मध्येच "थांबलं का?" म्हणून सोडून बघायचा मोह आवरा. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड वाहत असेल तर ती सवय नव्हे, आत हरभरा किंवा मणी असू शकतो. चिमटा घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. बटण सेल गेल्याची शंका असेल तर त्याच क्षणी.

आता फिर्यादी. त्यांना आम्ही सांगतो, "तक्रार नको, टिश्यू आण." डबा त्यांच्या उंचीवर ठेवलेला असतो. (पहिल्या आठवड्यात सगळेच समाजसेवक होतात आणि डबा मंगळवारीच संपतो.) हात मात्र सगळेच धुतात, म्हणजे एकटा कोणी उघडा पडत नाही. साबण लावून वीसपर्यंत मोजायचं. मोजणी काकूंनीच करावी. मुलं अकरावरून थेट वीसवर उडी मारतात.

बोटवाल्याशी मात्र वेगळा गुप्त करार: काकूंनी स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला हात लावला की बोट खाली. चार दिवसांत ही खूण अख्ख्या वर्गाला पाठ होते.

मोठ्यांनी फार हसू नये. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी शाळांमधल्या २०० किशोरवयीन मुलांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी कबुली दिली. २००१ साली त्या अभ्यासाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस.

संध्याकाळी सहाला फाटकाशी बाबा लोक स्कूटरवर थांबलेले असतात. एका हातात मोबाइल, दुसरा हात मोकळा. आतून बारा चिमुकली बोटं एकदम आपापल्या नाकाच्या शेंड्यावर जातात. बाबांना खूण कळत नाही.